बुळकांडीचा उच्छेद

दि. २५ मे २०११ रोजीं पॅरिस येथें भरलेल्या जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या सभेनें एक ठराव केला, आणि पुढील महिन्यांत, २८ जून रोजीं, रोम येथें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें तीच गोष्ट जगास जाहीर केली. गुरांचा बुळकांडी हा रोग पृथ्वीच्या पाठीवरून नाहींसा झाला, हें त्या ठरावाचें तात्पर्य. मनुष्यानें बुद्धिपुरस्सर प्रयत्न करून एखाद्या रोगाचा समूळ नाश केला, असे प्रसंग आजवर दोनच घडले आहेत. १९८० सालीं देवी गेल्याचें जाहीर झालें, व २०११ सालीं बुळकांडी गेल्याचें. पहिली वार्ता घरोघर पोंचली. दुसरी मात्र, ज्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर ही अवदसा शतकानुशतकें घाला घालीत आली, त्याच्याहि कानीं फारशी गेली नाहीं. राजे मेले म्हणजे दवंडी पिटतात. परंतु कित्येक राज्यें धुळीस मिळविणारा हा शत्रु मेला, तेव्हां कोणीं चौघडा वाजविला नाहीं. त्याचें चरित्र कोणीतरी लिहावयास हवें. तें यथामति लिहिण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. गुरांस ढाळ लागण्याचीं कारणें अनेक आहेत, व फऱ्या, घटसर्प, लाळखुरकत, रक्ती हगवण अशा वेगवेगळ्या नांवांनीं आपला शेतकरी गुरांच्या रोगांत भेद करीत आला आहे. परंतु बुळकांडीची जात या सर्वांहून निराळी. आधीं जनावरास कडक ताप चढे. तें रवंथ सोडी, दूध आटे, डोळ्यांतून व नाकांतून पाणी गळूं लागे आणि तें हळूहळू पुवासारखें दाट होई. हिरड्यांवर, ओठांच्या आंत व जिभेखालीं कोंडा भुरभुरल्यासारखे पांढुरके ठिपके उठत व त्यांचे व्रण होत. नंतर ढाळ सुरू होई : पाण्यासारखा पातळ, अत्यंत दुर्गंधीचा, पुष्कळदां रक्तमिश्रित. आंतड्याचें आंतील अस्तरच रोग खाऊन टाकी. त्यामुळें पाजलेलें पाणी अंगीं लागत नसे, व अंगांत असलेलें वाहून जाई. अशा रीतीनें जनावर आठवड्या-दीड आठवड्यांत आडवें होऊन मरे. ज्या मुलखांत रोग पूर्वीं कधीं शिरला नव्हता, तेथें शेंकडा ऐंशी-नव्वद गुरें मरत.

या भयंकर चित्राला एक दुसरी बाजू होती. जें जनावर यांतून वांचे, त्यास हा रोग जन्मांत पुन्हां होत नसे. शिवाय वांचलेलें जनावर रोगाचें बीज आपल्या अंगांत लपवून वर्षानुवर्षें हिंडत नसे. बीजहि बाहेर उन्हांत व कोरड्या हवेंत फार काळ टिकत नसे. एका जनावरापासून जवळच्या दुसऱ्या जनावरास, असाच त्याचा प्रवास. सारांश, बुळकांडीस जिवंत राहण्याकरितां नित्य नवें जनावर लागे. तें न मिळालें तर ती आपण होऊन मरे. तिच्या नाशाची किल्ली हीच होती. परंतु ती मनुष्याच्या हातीं लागण्यास फार काळ जावा लागला.

कारण ठाऊक नसलें म्हणजे मनुष्य दोन मार्ग धरतो. एक तर तो दैवाकडे पाहतो, नाहीं तर दुबळ्या शेजाऱ्याकडे. उत्तर हिंदुस्थानांत या रोगास ‘माता’ म्हणत, व बंगाल्यांत ‘गोबसंत’. म्हणजे देवी व बुळकांडी हीं एकाच शक्तीचीं दोन रूपें, अशी समजूत होती. इंग्लंडांतील सुशिक्षितांचेंहि वागणें फार निराळें नव्हतें. तेथें १८६६ सालीं गुरांच्या मरीबद्दल ईश्वराची क्षमा मागण्याकरितां उपास व प्रार्थना यांचे दिवस पाळण्यांत आले.

पण दैवाला दोष दिल्यानें कोणाचें घर मोडत नाहीं. शेजाऱ्यास दोष दिल्यानें मोडतें. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, म्हणजे १८५० नंतरच्या कालांत, उत्तर हिंदुस्थानांतील कांहीं जिल्ह्यांत गुरें पटापट मरूं लागलीं, तेव्हां इंग्रज अधिकाऱ्यांनीं असा समज करून घेतला कीं, चांभार लोक कातड्याच्या लोभानें गुरांस सोमल घालतात. मेलेल्या जनावराचें कातडें त्यांच्याकडे जाई, हाच काय तो पुरावा! विषप्रयोगाचे प्रकार मुळींच घडले नसतील असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु साथीनें मेलेल्या गुरांचें पाप एका समग्र जातीच्या माथीं मारणें हा उघड अन्याय होता. ज्याला गांवानें मेलेलें ढोर ओढण्याचें काम लावून दिलें, त्यालाच तें ढोर मारल्याचा आळ! आपल्याकडेहि महारांच्या माथीं हेंच काम होतें. १९२७ सालीं महाडास डॉ. आंबेडकरांनीं मृतमांस सोडून द्या असा उपदेश केला. त्या उपदेशामागें केवढ्या अपमानाचा इतिहास होता हें बुळकांडीच्या चरित्राच्या या एका पानावरूनहि कळून येतें.

अज्ञानाच्या या अंधारांत पहिला शास्त्रीय दिवा रोम शहरीं लागला. अठराव्या शतकाच्या आरंभीं यूरोपांत बुळकांडीची मोठी साथ पसरली व ती पोपच्या राज्यांत शिरली. त्या वेळीं पोप अकरावा क्लेमेंट याचा वैद्य जोव्हान्नी लान्सिसी हा होता. त्याचा मुद्दा सरळ होता : हा रोग हवेंतून वा ग्रहांच्या दृष्टीनें उत्पन्न होत नसून आजारी जनावरापासून निरोगी जनावरास लागतो, म्हणून आजारी जनावर तत्काळ मारून खोल पुरावें, गुरांची ने-आण बंद करावी, व मोडेल त्यास कडक शासन करावें. प्रथम या सल्ल्यास विरोध झाला. पण पुढें त्याप्रमाणें हुकूम निघाले, आणि कांहीं महिन्यांत पोपच्या राज्यांतून साथ हटली. १७१५ सालीं लान्सिसीनें या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें १७६२ सालीं फ्रान्सांत लिओं येथें क्लोद बुर्जेला यानें पशुवैद्यकाची पहिली शाळा काढली, तिच्यामागेंहि याच मरीचा धाक होता. पशुवैद्यक हें स्वतंत्र शास्त्र म्हणून उभें राहिलें त्याचें पुष्कळसें श्रेय या शत्रूस द्यावें लागतें.

लान्सिसीचा धडा इंग्लंडानें मात्र दीडशें वर्षांनंतर पुन्हां नव्यानें गिरविला. १८६५ सालच्या उन्हाळ्यांत बाल्टिक समुद्रावरील रेव्हेल बंदरांतून हल येथें आलेल्या गुरांबरोबर रोग उतरला, लंडनच्या बाजारांत विकला गेला, व आगगाडीच्या वाटेनें देशभर पसरला. हा देवीचाच एक प्रकार आहे असें मर्चिसन या डॉक्टरानें प्रतिपादन केल्यावर लोकांनीं हजारों गुरांस गोस्तनाची लस टोंचून पाहिली. ती सर्व फुकट गेली. अखेर फेब्रुवारी १८६६ मध्यें पार्लमेंटानें सक्तीनें जनावरें मारण्याचा व ने-आण रोखण्याचा कायदा केला आणि १८६७ सालीं रोग संपला. तोंपर्यंत चार लाखांवर गुरें गेलीं होतीं.

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. येथें रोग पाहुणा नव्हता, घरचाच झाला होता. हॅलेन यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें एक चौकशीमंडळ नेमलें व त्याचा अहवाल १८७१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत देशभर चालणारा गुरांचा संहार प्रथम एकत्र मांडला गेला. परंतु विलायतेचा उपाय येथें चालण्यासारखा नव्हता. गाय मारणें लोकांस सहन होणार नाहीं, हें एक कारण. आणि दुसरें याहून कठोर. आपल्या शेतकऱ्याचा बैल हा नांगर होता, मोट होती, गाडी होती, खत होता व सावकारापुढें त्याची पतहि तोच होता. पेरणीच्या तोंडावर बैलजोडी मेली तर शेत पडीक राही, आणि शेत पडीक राहिलें कीं कुळ देशोधडीस लागे. भरपाईवांचून जनावर मारणें म्हणजे मालकालाच मारणें. तेव्हां मारण्याखेरीज दुसरा उपाय शोधणें या देशांत अपरिहार्य होतें.

त्या शोधाचा आरंभ आपल्या पुण्यास झाला, ही गोष्ट महाराष्ट्रांत फार थोड्यांस माहीत आहे. मुंबईस १८८६ सालीं पशुवैद्यकाचें कॉलेज निघालें होतें. त्यानंतर तीन वर्षांनीं, डिसेंबर १८८९ मध्यें, पुण्याच्या सायन्स कॉलेजांत (पुढें हेंच इंजिनिअरिंग कॉलेज झालें) गुरांच्या रोगांचा अभ्यास करण्याकरितां सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली, व तिच्यावर आल्फ्रेड लिंगार्ड यांची नेमणूक झाली. परंतु भर वस्तींत असले जहाल रोग हाताळणें धोक्याचें, व उष्ण हवेंत काम करणेंहि कठीण. म्हणून १८९३ सालीं ही शाळा कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. देवदारांच्या रानांतील त्या एकांत शिखरावर पुढें साठ-सत्तर वर्षें बुळकांडीवर काम चाललें.

याच सुमारास आफ्रिकेंत जें घडत होतें तें वाचून अंगावर कांटा उभा राहतो. १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्याकरितां आणिलेल्या गुरांबरोबर तांबड्या समुद्रावरील मसावा बंदरीं रोग उतरला. हीं गुरें हिंदुस्थानांतून किंवा एडनहून आलीं असावींत असें इतिहासकार मानतात. आफ्रिकेच्या गुरांस या रोगाची ओळख नव्हती. इथिओपियांतील दहांपैकीं नऊ गुरें मेलीं, नांगर थांबले, आणि १८८८ ते १८९२ पर्यंतच्या दुष्काळांत त्या देशांतील सुमारें एक तृतीयांश माणसें मेलीं असा अंदाज केला जातो. मसाई लोक केवळ गुरांवर जगणारे. त्यांची समाजव्यवस्थाच कोलमडली. रानरेडे व हरणें यांचेहि कळप नष्ट झाले. १८९६ सालीं साथीनें झांबेझी नदी ओलांडली, आणि तेथून दक्षिणेस पंचवीस लाखांच्या आसपास गुरें मेलीं. ज्यांचीं गुरें गेलीं ते गोऱ्यांच्या खाणींत मजुरीस गेले. ज्या राष्ट्रांस तोफांनीं वांकवितां येत नव्हतें, तीं या ढाळानें वांकलीं. आफ्रिकेच्या परतंत्रतेचा इतिहास लिहितांना बुळकांडीस एक प्रकरण द्यावेंच लागेल.

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें संसर्ग रोखण्याकरितां काळ्या लोकांचीं निरोगी गुरेंहि गोळ्या घालून मारण्याचा सपाटा लाविला. त्यांतूनच १८९६ अखेर ठिणगी पडून लांगेबर्गचें बंड झालें. डिसेंबर १८९६ मध्यें जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांस किंबर्लीस पाचारण करण्यांत आलें. रोगानें मेलेल्या जनावराचें पित्त टोंचलें असतां निरोगी जनावर रोगापासून वांचतें असें त्यांस आढळलें. तेथून कॉख १८९७ सालीं थेट मुंबईस आले. या वेळीं कारण माणसांचा प्लेग हें होतें. आणि त्याच वर्षीं ते मुक्तेश्वरासहि जाऊन आले. तो काळ आमच्या वाचकांस सांगावयास नको. माणसांच्या प्लेगाच्या बंदोबस्तांत पुण्यास घरांत शिरून जी जबरदस्ती झाली तिचा शेवट २२ जून १८९७ रोजीं रँडसाहेबांवरील गोळीबारांत झाला. लांगेबर्ग व पुणें हीं दोन स्थळें हजारों मैल दूर, एकीकडे गुरांचा रोग तर दुसरीकडे माणसांचा. तरी दोहोंचा बोध एकच. ज्यांच्याकरितां उपाय करावयाचा त्यांचा विश्वास नसेल, तर शुद्ध शास्त्रहि त्यांस जुलूम वाटतें. आणि पुष्कळदां तें जुलूम होतेंहि.

पुढील कथा शास्त्राची आहे. ती थोडक्यांत सांगतों. १९०२ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें मोरिस निकोल व आदिल-बे यांनीं दाखविलें कीं, या रोगाचें बीज बारीकांतील बारीक गाळणींतूनहि पार जातें. म्हणजे तो साधा जंतु नसून विषाणु आहे. हा विषाणु माणसांतील गोवराच्या विषाणूचा भाऊबंद, हेंहि कालांतरानें सिद्ध झालें. रोगांतून बरें झालेल्या जनावराचा रक्तरस व जिवंत विषाणु एकाच वेळीं टोंचण्याची रीत निघाली. तिनें कायमचें संरक्षण मिळे, परंतु विषाणूबरोबर रक्तांतील दुसरे रोगहि जनावराच्या अंगांत शिरत. हा दोष घालविण्यासाठीं मुक्तेश्वरास जे. टी. एडवर्ड्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांत विषाणु एका बकऱ्यांतून दुसऱ्या बकऱ्यांत असा शेंकडों वेळां वाढवीत नेला. तेव्हां चमत्कार झाला : विषाणूची गुरांस मारण्याची शक्ति गेली, पण त्यांस रोगापासून सुरक्षित करण्याची शक्ति राहिली. ही बकऱ्याची लस स्वस्त होती, व एकदां टोंचली कीं बहुधा जन्मभर पुरे. कांहीं जातींच्या नाजूक गुरांस मात्र ती सोसत नसे.

लस मिळाली तरी एका देशाच्या प्रयत्नानें भागणार नव्हतें, हा धडा बेल्जमनें दिला. १९२० सालीं हिंदुस्थानांतून ब्राझिलकडे जाणारीं वशिंडाचीं गुरें अँटवर्प बंदरांत थांबलीं, तेवढ्यानें रोग यूरोपांत पुन्हां शिरला. घाबरलेल्या राष्ट्रांनीं एकत्र येऊन २५ जानेवारी १९२४ रोजीं पॅरिसास गुरांच्या रोगांकरितां आंतरराष्ट्रीय कचेरी स्थापिली. प्रारंभीं सांगितलेला २०११ चा ठराव जिनें केला, ती संघटना हीच.

स्वतंत्र भारतानें १९५४ सालीं बुळकांडीच्या उच्छेदाची राष्ट्रीय योजना हातीं घेतली. वर्षाकाठीं हजारों ठिकाणीं साथी उठत होत्या. बर्फाच्या पेट्या घेऊन टोंचणारे खेडोखेडीं फिरूं लागले. शेंकडा ऐंशी गुरें टोंचावयाचीं असें ठरलें. दहा वर्षांत साथींची संख्या कांहीं शेंकड्यांवर उतरली. पण तेथेंच अडली. राहिलेल्या वीस टक्क्यांत, गुरांच्या व्यापाराच्या वाटांवर व बाजारांत, रोग दबा धरून राही. इकडे केनयांत वॉल्टर प्लाउराइट यांनीं १९६० च्या सुमारास वांसराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढविलेली निर्धोक लस सिद्ध केली. ती कोणत्याहि जातीच्या जनावरास चाले. परंतु आफ्रिकेंतहि १९६२ पासून १९७६ पर्यंत झालेल्या मोहिमेनंतर ढिलाई आली, आणि १९८० नंतर रोग पुन्हां उसळला. अर्धा मेलेला शत्रु पुरा जिवंतच असतो, हें जुनें सूत्र खरें ठरलें.

शेवटचा विजय मिळाला तो दोन गोष्टींनीं. पहिली म्हणजे धोरणांतील बदल. १९९२ सालीं भारतानें नवी योजना आखली. सरसकट टोंचत राहण्याऐवजीं रोग नेमका कोठें लपला आहे तें हुडकावें, तेथेंच कसून टोंचावें, व रोग थांबला कीं टोंचणेंहि थांबवावें, असें ठरलें. हें शेवटचें पाऊल ऐकावयास विपरीत वाटतें. परंतु टोंचलेल्या जनावराचें रक्त व रोगांतून उठलेल्या जनावराचें रक्त तपासणींत सारखेंच दिसतें. म्हणून टोंचणें सोडल्याशिवाय रोग खरोखर गेला कीं नाहीं हें कळण्यास मार्ग नव्हता. ढाल खालीं ठेवावी तेव्हांच शत्रु गेल्याची खात्री पटे. भारतांतील शेवटची साथ १९९५ सालीं तामिळनाडूंत झाली, व मे २००६ मध्यें आपला देश संसर्गमुक्त ठरला.

दुसरी गोष्ट आफ्रिकेची. पूर्व आफ्रिकेच्या रखरखीत प्रदेशांत सरकारी पशुवैद्य पोंचत नसत, आणि लस उन्हांत मरे. जेफ्री मॅरिनर व त्यांचे सहकारी यांनीं १९९० च्या सुमारास बर्फावांचून कांहीं आठवडे टिकणारी लस तयार केली, आणि ती इथिओपियांतील अफार लोकांच्या मुलखांत तेथल्याच गुराख्यांच्या हातीं दिली. आपलें कोणतें गुरूं कोठें चरतें, कोणतें आजारी, हें त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? जेथें सरकारी तुकड्या वर्षानुवर्षें थकल्या, तेथें निरक्षर धनगरांनीं रोगाचा निःपात केला. ज्या इथिओपियांत शंभर वर्षांपूर्वीं या रोगानें प्रलय केला, तेथेंच त्यास मूठमाती देण्याचें काम असें पार पडलें. बुळकांडीचा शेवटचा ज्ञात आढळ २००१ सालीं केनयांतील मेरू अभयारण्यांत, रानरेड्यांत झाला.

मग गुरांचे ढाळ संपले काय? नाहीं. १९४६ सालीं अमेरिकेंत, न्यूयॉर्क संस्थानांत, बुळकांडीसारखेंच दिसणारें पण निराळ्या विषाणूचें दुखणें ओळखलें गेलें. तें आज जगभर आहे. लहान वांसरें आजहि हगवणीनें मरतात, आणि त्यांत कधीं विषाणु, कधीं जंतु, कधीं सूक्ष्म परोपजीवी कारण असतात. जन्मल्याबरोबर पोटभर चीक पाजणें व गोठा कोरडा ठेवणें हेच त्यांवरील मोठे उपाय. शेळ्यामेंढ्यांत बुळकांडीची एक धाकटी बहीण आहे. भारतांत ती १९८७ सालीं ओळखली गेली. त्यापूर्वीं तिला पुष्कळदां बुळकांडीच समजत. गरिबाची गाय म्हणजे शेळी, असें आपण म्हणतों. तेव्हां या धाकटीच्या उच्छेदाकरितां २०३० ची मुदत जगानें स्वतःस घालून घेतली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. ती मुदत पाळली जाणें हें केवळ लसीवर अवलंबून नाहीं.

बुळकांडीच्या चरित्रावरून आम्ही हेंच समजतों. चांभारावर आळ घेऊन रोग गेला नाहीं. नवस-उपासांनीं गेला नाहीं. लांगेबर्गच्या बंदुकांनीं तर नाहींच. लान्सिसीचें निरीक्षण, मुक्तेश्वरचा बकरा, प्लाउराइटची लस आणि अफारचा गुराखी या चौघांनीं मिळून त्याचा शेवट केला. आणि त्यांत जो शेवटीं नांव घेण्यांत येतो त्याचा वांटा आम्हांस लहान वाटत नाहीं. पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या शिंगांस रंग देतांना, ज्या मरीस आपल्या पणजोबांनीं हात जोडले ती आतां नाहीं, एवढी आठवण एखाद्या मुलास कोणीं सांगितली तरी या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही मानूं.